आडवी पट्टी

माझं नाव श्रीमंत. श्रीमंती काय ती बोटांत, असं ईरप्पा चिडवायचा, पण हाक मात्र 'तम्मा', म्हणजे धाकट्या भावा, अशीच मारायचा. आम्ही दोघांनी वीस वर्षं एकाच शेडमध्ये यंत्रमाग चालवले. माग विकले गेल्यावर तो टॉवेलच्या कारखान्यात रंगाच्या टाकीवर लागला आणि मी अक्कलकोट रोडला रबराच्या कारखान्यात.

आमच्या रबरात उष्णतेला टिकणाऱ्या धाग्याचे तांदळाएवढे तुकडे मिसळतात. रुळांतून शीट निघते तेव्हा ते तुकडे एकाच दिशेला निजतात. दिसायला शीट काळीच, पण बोटं फिरवली की मला उभं-आडवं कळतं. ईरप्पाच्या कारखान्यातल्या टाक्यांच्या झाकणाखाली वाफ अडवायला बसते ती पट्टी आमच्याकडूनच जायची; ती उभीच, म्हणजे धाग्यांच्या दिशेनं, कापायची. तापल्यावर रबर मऊ पडतं, मग सगळा ताण धागे धरतात. आडवी पट्टी गार असेपर्यंत ठणठणीत असते आणि तापली की फाटते.

हे मला कुणी शिकवायला नको. तरी त्या शनिवारी ईरप्पाच्या टाकीची पट्टी मी आडवी कापली. उभी कापायला शीट वीतभर कमी पडत होती. नवी काढायची तर दोन तास मोडले असते आणि मला करकंबला सासुरवाडीत आमरसाचं जेवण होतं. रस झकास होता. दोन वाट्या जास्तच घेतल्या. सांगायला लाज वाटते.

मंगळवारी पट्टी फाटली. वाफेच्या झोतानं ईरप्पाचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. त्याचा मालक म्हणाला, यानंच झाकण नीट आवळलं नसणार. दुसऱ्या दिवशी ईरप्पा फाटका तुकडा घेऊन माझ्या दारात उभा.

"तम्मा, माजी बोटं बँडेजात हायत. तूच बघून सांग, पट्टीत खोट हाय का? तू म्हनशील ते खरं."

मी उगाच बोटं फिरवल्यासारखं केलं. "पट्टी चांगली हाय की."

"मंग माजाच हात चुकला," तो म्हणाला. मालकापुढे जाऊन त्यानं तसं कबूलही केलं. त्याला कामावरून काढलं.

आठ दिवस मी त्याच्या गल्लीकडं फिरकलो नाही. शेवटी त्याच्या घरी गेलो. तो बाजेवर बसून डावा हात हवेत फिरवत होता, बोल्ट आवळल्यासारखा. "दिवसभर हेच चाललंय, भावजी," श्रीदेवी वहिनी म्हणाली. "कुटला बोल्ट ऱ्हायला ते आठवत बसत्यात." आणि ती आत गेली.

"ईरप्पा," मी म्हणालो, "पट्टी आडवी व्हती. मीच कापली. वर तुला खोटं सांगितलं."

त्याचा हात थांबला. त्यानं मला शिव्या घालाव्यात, एक ठेवून द्यावी, म्हणून मी वाट बघत होतो.

"म्हंजे बोल्ट सगळे आवळले व्हते?"

"व्हय. सैल असता तर पट्टी सरकली असती. ही फाटलीय. चल, तुज्या मालकाला आत्ताच सांगतो."

त्यानं ते ऐकलंच नाही. तो धडपडत उठला आणि आत बघून ओरडला, "श्रीदेवे! ऐकलंस का? माजा हात चुकला न्हवता!"

आनंदानं त्याचे डोळे भरले होते. माझ्यावर चिडायचं त्याच्या लक्षातच आलं नाही.