काळ्या फडक्यावरची धार

"सूज उतरायची सुई मारून देतो, भोजराज. देवाजी सौद्याले येईपर्यंत कास मऊ होते. गाय त्याच्या दावनीले गेली का मंग आपल्याले का करा लागते?"

टेकचंदने औषधाची बाटली हलवली. धवरी गाईच्या मानेवर हात ठेवून उभ्या असलेल्या शामकलेने नवऱ्याकडे पाहिले. भोजराज छपराकडे पाहत होता.

"मार," ती म्हणाली. "तिचं दुखनं तरी कमी होईल."

टेकचंद काही डॉक्टर नव्हता. एका म्हाताऱ्या कंपाउंडरची पिशवी वाहता वाहता सुई टोचायला शिकला आणि गावचे गोठे त्याचे झाले. धवरीची कास पहिल्यांदा दगडासारखी झाली, तेव्हा त्यानेच औषध दिले. सूज ओसरली तशी सुई बंद. दूध उतरलं ना, मंग बाकीच्या सुया कायले, असे भोजराजही म्हणाला. पुढच्या वेळी तेच, त्याच्या पुढच्या वेळी तेच. शेवटी औषध लागू पडेनासे झाले.

देवरीच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या रंजिता मॅडमनी दूध तपासायला पाठवले. या जंतूवर एकही औषध चालत नाही, म्हणाल्या. अर्धवट औषधाने कच्चे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि वाढतात. गाय सगळ्यात शेवटी पिळा, दूध चुना घालून खड्ड्यात ओता, वासरू लांब बांधा, आणि ही गाय दुसऱ्याच्या गोठ्यात जाऊ देऊ नका. शामकलेने सगळे ऐकले. भोजराज गाडीवर परतताना एवढेच म्हणाला की आता विकलेलीच बरी.

तिला नवऱ्याची पहिली चीड आली ती त्याच्याही आधी. धवरीची पहिली धार रोज महादेवाला, हा तिचा नेम. तो झाल्याशिवाय ती तोंडात पाणी घेत नसे. डेअरीने गाठीचे दूध परत केले, त्या दिवशी भोजराज तेच पिंडीवर ओतून आला. देवाले का होते, म्हणाला. ती दिवसभर जेवली नाही.

ऊन छपरावर आले तेव्हा नवेगाव बांधचा देवाजी आला. घरी नातू झाला होता, म्हणून दुभती गाय हवी होती. त्याने वाकून कास चाचपली आणि खुशीत मान हलवली. भोजराजने दावे सोडायला हात घातला.

शामकला आतून काळा फडका घेऊन आली. गाईखाली बसून तिने तो पसरला.

"भाऊ, कास नोका पाहू. धार पाहा."

तिने थान पिळले. काळ्यावर पिवळट पाणी पसरले आणि त्यात फुटक्या दह्यासारख्या गुठळ्या. देवाजीचा हात आपोआप मागे गेला.

"घरी दुसऱ्या गाई हायेत?" तिने विचारले.

"दोन हायेत."

"मंग साबनानं हात धुवून जा."

तो हात धुवून गेला. जाताना कोणाकडे पाहिले नाही.

"वयनी, आपल्याच मानसाले पाडून राहिली तू," टेकचंद हसत म्हणाला.

शामकलेचा आवाज कधी चढत नसे. आत्ताही चढला नाही.

"अर्ध्या गावात तुही सुई फिरली, टेकचंद. सूज उतरली का तू घरी. जंतू मेले नाही रे, शिकले. आनि तुमी," ती नवऱ्याकडे वळली, "देवाले पू वाहिला. आता त्याच्या नातवाच्या तोंडी देत होते. माह्या दारातून हे जानार नाही."

भोजराजने दावे खाली टाकले आणि तो निघून गेला. मागोमाग पिशवी उचलून टेकचंदही.

तिने धवरीला पूर्ण पिळले, दूध खड्ड्यात ओतले, वर चुना टाकला. हात धुऊन विहिरीचे पाणी तांब्यात भरले आणि महादेवाला घालून आली. परतली तर लांब बांधलेले वासरू हंबरत होते. ते ऐकून धवरीला पान्हा फुटला. कोणी हात न लावता चारही थानांतून थेंब गळू लागले, जमीन ओली होत गेली.

शामकलेने त्या ओलीवर टाकायला मूठभर चुना उचलला. थेंब थांबेपर्यंत तो तिच्या मुठीतच होता.