टेबलावरची बडजी

मी एक जुनी बडजी आहे. मित्रांनो, बडजी म्हणजे भरताची वांगी ठेचायचं लाकडी भांडं. मला शोभेची वस्तू म्हणालात तर याद राखा!

सावद्याच्या झुलाल सुतारानं मला बाभळीच्या बुंध्यातून कोरलं आणि मी रावेरजवळच्या इंदिराबाईंच्या घरी आले. हिवाळा लागला की त्यांच्या केळीच्या बागेत भरताचा बेत ठरायचा. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, सोबत मिरची आणि लसूण, सगळं गरमागरम माझ्या पोटात यायचं. मग दोघीजणी मुसळ्या घेऊन बसायच्या. मी मार खायचे आणि पंगतीत वाहवा ऐकायचे. त्याचा मला गर्व होता, आजही आहे.

पुढे घरात मिक्सर आला नि माझी रवानगी माळ्यावर झाली. बरीच वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही.

गेल्या वर्षी इंदिराबाईंच्या मुलानं, हेमराजनं, शेतावर पर्यटन सुरू केलं. पुण्या-मुंबईची माणसं केळीच्या घडांची कापणी बघायला आणि भरीत खायला येऊ लागली. हेमराजनं मला माळ्यावरून काढलं तेव्हा वाटलं, चला, दिवस पालटले. कसचं काय! त्यानं मला आतून-बाहेरून चकचकीत व्हार्निश मारलं आणि दारात टेबलावर मांडलं. आतून व्हार्निश मारल्यावर माझ्यात खायचं काय ठेचणार? पठ्ठ्याच्या हे डोक्यातच आलं नाही. पाहुणे माझ्याजवळ उभं राहून फोटो काढायचे आणि भरीत खायचे मिक्सरमधलं. माझा नुसता संताप व्हायचा.

एका शनिवारी तर कहरच झाला. हेमराज आईला म्हणाला, उद्या तू बडजीपाशी बस, आत एक थंड वांगं ठेव आणि पाहुणे आले की मुसळी हलव.

"खोटं ठेचणं माह्याच्यानं व्हणार नही," इंदिराबाई म्हणाल्या.

त्याच पावली मला रिक्षात घालून त्या सावद्याला गेल्या. थकलेल्या झुलालनं पटाशी घेतली आणि मला आतून कोरं लाकूड लागेपर्यंत तासलं. फार दुखलं. करंगळीभर अंग गेलं, पण व्हार्निशही गेलं.

रविवारी वीस पाहुणे आले. हेमराज सारखा घड्याळ बघू लागला. जेवायला उशीर झाला तर लोक फोनवर वाईट लिहितील, नवा धंदा बसेल. त्यानं आईला विनवलं, आजच्या दिवस मिक्सर लावू.

"मिक्सरमधलं त्यायले त्यायच्या घरी भेटते. मंग अठी कायले आले?"

वांगी माझ्यात पडली. इंदिराबाई ठेचू लागल्या. वीस माणसांचं भरीत, सत्तरीचे हात. अर्ध्यावर त्यांना दम लागला. तेव्हा पुण्याच्या कामिनी नावाच्या बाईंनी फोन पिशवीत टाकला, पदर खोचला आणि दुसरी मुसळी उचलली. हेमराज वरमला. त्यानं आईच्या हातातली मुसळी घेतली.

जेवायला तीन वाजले. दोन पाहुणे कुरकुरत निघून गेले, ते गेलेच. बाकीच्यांनी माझा तळ बोटांनी पुसून खाल्ला.

मित्रांनो, कुणाच्या शेतावर गेलात आणि सजवून ठेवलेली जुनी वस्तू दिसली, तर फोटो नंतर काढा. आधी विचारा, ही अजून काम करते का? नाही म्हणाले, तर का नाही तेही विचारा. मी ठेचता ठेचता एक दिवस दुभंगेन. त्या दिवशी मला खुशाल चुलीत घाला, माझ्यावर वांगी भाजा. पण टेबलावर मांडू नका.