खाच चेपलेला स्क्रू

मास्तरांनी लाकडाचा ठोकळा जुन्या बनियनमध्ये गुंडाळला आणि टेबलाखाली, रंगाच्या रिकाम्या डब्यांमागे सरकवला. बाहेर फाटक वाजलं होतं.

"लपवा, लपवा," इंजिनाच्या पलीकडून फिटर म्हणाला. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

"तू गप रे."

"गपच आहे मी. नियम तुमचाच. काढलेला तुकडा फेकायचा नाही, प्रत्येकाला चिठ्ठी बांधायची, वहीत नोंद करायची. पाच बोटी केल्या, पाच वह्या भरल्या. बिनचिठ्ठीचा हा एकच."

निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसतात. या दोघांनी शर्यतीच्या जुन्या बोटी दुरुस्त करायचं खूळ घेतलं होतं. मास्तर चित्रकला शिकवायचे, त्यामुळे लाकूड, रंग आणि वह्या त्यांच्याकडे. इंजिन फिटरकडे. कुठली बोट कोणी बांधली, कुठल्या साली धावली, कशी हरली, सगळं वहीत. पाच बोटी हसतखेळत झाल्या. सहावी मात्र दादांची होती.

दादा म्हणजे मास्तरांचे थोरले भाऊ. ही बोट त्यांनी स्वतःच्या हाताने बांधलेली. बेचाळीस वर्षांपूर्वी अंतिम शर्यतीत शेवटच्या वळणावर ती वळलीच नाही. सरळ जाऊन दगडी बांधावर आदळली. चालक जागच्या जागी गेला. चौकशीवाल्यांनी नुसता बोटीचा तळ पाहिला आणि लिहिलं, 'दोष चालकाचा की बोटीचा, सांगता येत नाही.' चालक तर मरून सुटला, पण त्या 'सांगता येत नाही'ने दादांना जन्मभर खाल्लं. त्यांनी कारखाना बंद केला, हत्यारं वाटून टाकली आणि पुन्हा रंध्याला हात लावला नाही. आता ते एक्क्याऐंशीचे होते. चालकाची मुलगी बोट बघायला येणार म्हणून सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून बाहेर उन्हात खुर्चीवर बसले होते.

आणि तीन आठवड्यांपूर्वी मास्तरांनी बोटीचं पुढचं झाकण उघडलं होतं. आत स्टिअरिंगच्या वायरीची पुली धरणारा ठोकळा उखडून लोंबत होता. त्याला दोन स्क्रू. एक नीट फिरवून बसवलेला. दुसरा चक्क हातोडीने ठोकलेला. डोक्यावरची खाच चेपलेली, आणि भोकात आट्यांच्या जागी नुसता फाटलेला भुसा. असा स्क्रू शांत पाण्यात टिकतो, जोराच्या वळणावर उपटून येतो. चौदाव्या वर्षी मास्तरांनी एकदा स्क्रू ठोकला होता, तेव्हा दादांनी अशी थोबाडीत दिली होती की कान दोन दिवस वाजत होता. तेच दादा, त्यांचीच बोट! मास्तरांनी नवा ठोकळा केला, एक स्क्रू आवळला. दुसऱ्याला काही हात धजेना. ते भोक अजून तसंच होतं.

मुलगी आत आली. मुलगी कसली, चांगली पन्नाशी ओलांडलेली बाई होती. पर्स छातीशी घट्ट धरलेली. फोनवर तिने एकच गोष्ट विचारली होती, "आतलं लाकूड तेच आहे का हो?"

"रंग तोच दिलाय," ते घाईने म्हणाले. "जुन्या फोटोंवरून जुळवला. आणि हे बघा, बाबांचा शर्यतीचा नंबर..."

"बॅटरी आहे का?"

फिटरने मुकाट्याने बॅटरी दिली. बाई गुडघ्यांवर बसली, रंगाकडे न बघता थेट पुढच्या झाकणाखाली वाकली.

"हा ठोकळा नवा आहे."

"जुना कुजला होता," मास्तर म्हणाले.

फिटरच्या हातून पाना खाली पडला.

"मग? फेकलात?"

एक खोटं कसंबसं निघालं होतं. दुसरं निघेना. फळीवर सहाव्या बोटीची वही उघडीच पडली होती. मास्तर वाकले, डबे बाजूला सारले आणि गुंडाळी काढून तिच्यापुढे धरली.

"आमच्या दादांचं काम आहे हे," ते हळू आवाजात म्हणाले. "त्यांना अजून दाखवलेलं नाही. तुम्हाला हक्क आहे, वहीत लिहितो मी सगळं. फक्त ते गेल्यावर लिहू द्या. पाया पडतो तुमच्या."

बाईने बनियन उलगडलं. चेपलेल्या खाचेवरून अंगठा फिरवला. ती रडेल असं मास्तरांना वाटलं, पण ती रडली नाही.

"दादाकाकांनी नाही ठोकलेला," ती म्हणाली. "बाबांनी ठोकला."

"काय?"

"त्या दिवशी माझा शाळेत बक्षीस समारंभ होता. बाबा येतो म्हणाले होते. आणि शर्यत नेमकी त्याच दिवशी निघाली. हा ठोकळा सैल झाला होता, काका तो आवळायला आले. मी त्यांचा स्क्रू ड्रायव्हर उचलून दप्तरात टाकला. वाटलं, बोट निघणारच नाही, मग येतील बाबा." ती थांबली. "काका दुसरा आणायला पळाले. इकडे शर्यतीचा पुकारा झाला. बाबांनी हातोडी घेतली. मी शेजारीच उभी होते. बेचाळीस वर्षं वाट बघतेय, कुणीतरी ही बोट उघडेल म्हणून."

तिने पर्स उघडली. आतून लाकडी मुठीचा एक स्क्रू ड्रायव्हर निघाला.

"हा दोष माझा आहे."

दारात दादा उभे होते. कधी आले, किती ऐकलं, कुणालाच कळलं नाही. काठी टेकत ते पुढे आले आणि त्यांनी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला. मुठीवर कोरलेली खूण नखाने चाचपली.

"काका, मी..."

"किती शोधला मी हा," दादा म्हणाले. "दुसरा आणून बघतो तर तुझे बाबा म्हणाले, झालं काम, लावा झाकण. मी लावलं. उघडून बघितलं नाही." त्यांनी झाकणाकडे पाहिलं. "एकदा बघायचं होतं गं. तेवढंच."

फिटर कधी नव्हे तो खाली मान घालून उभा होता.

दादांनी काठी मास्तरांकडे दिली. मग वाकून झाकणाखाली पाहिलं, नव्या ठोकळ्यावरचं रिकामं भोक दिसलं, आणि न बघताच हात मागे केला. मास्तरांनी त्या हातावर नवा स्क्रू ठेवला.

"ठकी," दादा म्हणाले. बाराव्या वर्षानंतर तिला या नावाने कुणी हाक मारली नव्हती. "बॅटरी धर."

ती शेजारी गुडघ्यांवर बसली. दादांच्या हातून खाच दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. स्क्रू फिरू लागला. उजेड सारखा हलत होता, कारण ती आता रडत होती.

"नीट धर," दादा म्हणाले. "अजून चार फेरे आहेत."