माझी सवत विमानात

मी खुर्ची बोलतेय. गादीची नाही, फिरणारी नाही. सेलूच्या बन्सीधर सुताराने दाराच्या चौकटीतून उरलेल्या सागवानाची केलेली, चार पायांची, साधी. आणि आधीच सांगून टाकते, मी जळकी आहे. माझी एक सवत आहे. ती विमानात असते, अगदी पुढे, काचेजवळ. मी तिला कधी पाहिलं नाही, पण तिचं नाव काढलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

देवगाव फाट्याजवळच्या या घरात मला आणलं अंगणवाडीताई विमलबाईंनी, नोंदी लिहायला. पण माझा ताबा घेतला त्यांच्या लेकीनं, राजेश्रीनं. दहावी, बारावी, सगळा अभ्यास माझ्यावर. पाय वर घेऊन बसायची, शेंगा खायची, टरफलं माझ्याखाली टाकायची. मी कधी कुरकुरले नाही.

पुढे ती वैमानिक झाली आणि मोठ्या विमानाची परीक्षा आली. तेव्हा तिनं समोरच्या भिंतीवर विमानातल्या बटणांचं भलंमोठं चित्र चिकटवलं. बाजूला ज्वारीनं भरलेला डबा ठेवून त्यात दोन उलथनी उभी खोवली. डावं उलथनं म्हणजे डावं इंजिन, उजवं म्हणजे उजवं.

विमान उडताच एक इंजिन बिघडलं तर काय करायचं, याचाच सराव चाले. आधी विमान सरळ धरून वर न्यायचं. मग एकानं बिघडलेल्या इंजिनाच्या दांड्यावर हात ठेवायचा, दुसऱ्यानं पाहून हो म्हणायचं, मगच ते बंद करायचं. घाईत चांगलंच इंजिन बंद केलं तर खेळ खलास. दुसरा माणूस कुठून आणणार? विमलबाई पत्र्याच्या पेटीवर बसून कॅप्टन व्हायच्या. त्या मुद्दाम चुकीच्या उलथन्यावर हात ठेवायच्या, आणि राजेश्री गप्प.

"कामून गं, बोलायली न्हाईस?"

"तू मोठी हायस. न्हाई कसं म्हनू?"

"विमानात बी मोठंच मानूस असंल की बाजूला. म्हन, न्हाई म्हन."

या घरात मोठ्यांना नाही म्हणायची रीतच नव्हती. ती मोडायला आठ दिवस लागले. नवव्या दिवशी पोरगी ठसक्यात म्हणाली, "थांब आई, ते न्हाई. डावं." विमलबाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली. अर्धी थाप मलाच लागली.

मग ती गेली, त्या मऊ, पट्टेवाल्या सवतीकडे. सुट्टीला आली की तिचंच कौतुक. ती मागेपुढे सरकते, कंबरेला आधार देते. मी मेली कधी सरकले? माझ्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. तिचं वाटोळं होवो, असं मी मनातल्या मनात म्हणायचे. खोटं कशाला बोलू?

आणि गेल्या महिन्यात भर दुपारी, विमान धावपट्टी सोडून जरा वर जातं न जातं तोच डावं इंजिन धाडकन वाजलं. सगळं विमान थरथरायला लागलं. ते राजेश्रीच्याच हातात होतं. शेजारी पिकल्या केसांचे, हजारो तास विमान चालवलेले कॅप्टन. घाईत त्यांचा हात उजव्या इंजिनाकडे गेला. राजेश्री म्हणाली, "थांबा सर, ते नाही. डावं." त्यांनी हात मागे घेतला, नीट पाहिलं आणि डावं बंद केलं. एका इंजिनावर वळून विमान परत आलं, दीडशे माणसं सुखरूप उतरली. चौकशीत कॅप्टनांनी स्वतःच हे सगळं सांगितलं.

पेपरात फोटो आला. त्यात ती बसलेली कुणावर? सवतीवर. मोठ्यांना नाही म्हणायला ती शिकली माझ्यावर बसून, आणि मिरवणार ही बया!

राजेश्री घरी आली तशी विमलबाईंनी तिची बॅग कपाटावर टाकली. "बास झालं. हितंच शाळंत लाग. मला रोज जीव मुठीत धरून न्हाई जगायचं."

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तीन दिवस राजेश्री माझ्यावरच बसून राहिली. आता ही कुठं जात नाही, असं मी धरूनच चालले होते.

चौथ्या दिवशी ती उठली. ज्वारीचा डबा आणला, आईला माझ्यावर बसवलं आणि स्वतः पेटीवर बसली. "डावं बिघडलंय," म्हणाली, आणि उजवं उलथनं ओढायला लागली.

"अगं, ते न्हाई," विमलबाई बोलून गेल्या. "डावं."

"व्हय. आता मी न्हाई गेले तर तिथं दुसरं कुनीतरी बसंल. त्याला असं न्हाई म्हनता येईल का, आई?"

विमलबाई बराच वेळ ज्वारीत बोटं फिरवत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "गाडी किती वाजता हाय?"

आता राजेश्रीचं विमान निघायच्या वेळेला विमलबाई माझ्यावर येऊन बसतात. हातात फक्त फोन. तेवढा वेळ मी सवतीला एक शब्द वाकडा बोलत नाही. उलट हात जोडते. बाई, तिला नीट धर, पट्टे घट्ट आवळ, सुखरूप खाली आण.

मग फोन वाजतो. "उतरले गं आई." विमलबाई उठून चहा ठेवायला जातात, आणि मी पुन्हा जळायला लागते.