मथुराबाईंनी माइक घेतला

बुधवारा मोहल्ल्यातल्या घरी रंजिता केळीचे वेफर्स करून विकायची. कढईजवळ सासूबाई मथुराबाई, पॅकिंगला रंजिता, आणि ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सॲपवर. गावातली, खंडव्याची, जळगावची गिऱ्हाइकं सगळी त्या एका नंबरावर जोडलेली. नवरा ललित यंत्रमागाच्या कारखान्यात नोकरीला होता.

दिवाळी तोंडावर आली होती. वेफर्स भरायच्या छापील पिशव्यांचं पार्सल रखडलेलं, आणि नेमका तेव्हाच फोन आला.

"मॅडम, कुरियरसे बोल रहा हूँ. आपका पार्सल अटका है. मेसेजमें एक नंबर भेजा है, वो डायल करो, डिलिव्हरीवाला सीधा आपसे बात करेगा."

नंबर स्टारनं सुरू होत होता. हात तेलकट, कढई तापलेली. रंजितानं फार विचार न करता तो फिरवला. पलीकडून कुणी बोललं नाही. थोड्या वेळानं बघते तर व्हॉट्सॲप बंद. परत उघडेचना.

इतक्यात दार वाजलं. मथुराबाईंनी उघडलं. समोर गल्लीतले किराणावाले लीलाधरभाऊ, घाम पुसत उभे. मथुराबाईंना बघून ते दोन पावलं मागेच सरले.

"मावशी, तुम्ही घरी? दवाखान्यातून कधी सोडलं?"

"कोणता दवाखाना? सकाळपासून केळी सोलते आहे मी!"

लीलाधरभाऊंनी आपला फोन पुढे केला. रंजिताच्याच नंबरावरून मेसेज आला होता: 'सासूबाई सीरियस आहेत, अर्जंट पैसे पाठवा, सगळं नंतर सांगते.' खाली पैसे टाकायला कुणा अनोळखी माणसाचा स्कॅनर, म्हणजे क्यूआर कोड. असाच मेसेज तिच्या सगळ्या गिऱ्हाइकांना गेला होता.

"मी फोन करत होतो, पण तुझा फोन भलताच कुणी उचलत होता," लीलाधरभाऊ म्हणाले.

रंजितानं लीलाधरभाऊंच्या फोनवरून सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर लावला. पलीकडच्या बाईनं पहिलंच विचारलं, स्टार लावून कुठला नंबर फिरवला होता का? तिथंच सगळा उलगडा झाला. त्या नंबरामुळं रंजिताचे कॉल चोराकडे वळले होते, आणि व्हॉट्सॲपचा कोड त्यानं कॉलवर ऐकून घेतला होता. बाईनं सांगितलं तसं रंजितानं आपल्या फोनवर दोनदा हॅश, शून्य शून्य दोन आणि पुन्हा हॅश फिरवलं. कॉल परत तिच्याकडे आले. मग मेसेजनं कोड मागवून तिनं व्हॉट्सॲप उघडायला घेतलं. चोर बाहेर फेकला गेला. पण त्याआधीच त्यानं आपला पिन लावून ठेवला होता. तो पिन माहीत नसल्यानं व्हॉट्सॲप उघडायला आता सात दिवस थांबणं भाग होतं.

तोच मेसेज बघून कारखान्यातून धावत आलेला ललित म्हणाला, "बोभाटा नको करू. लोक म्हणतील, यांना साधा फोन सांभाळता येत नाही. धंद्याचं नाव खराब होईल."

"अहो, आपल्या नावावर कुणी पैसे पाठवून बसलं तर? मग कोणतं नाव राहील?"

ललितनं खिशातून आपला मोबाइल काढला. "बाहेरगावचे नंबर मला सांग. मी एकेकाला फोन लावतो. गावाचं तू बघ."

गावाचं कसं बघायचं, ते रंजितानं ठरवलंही होतं. चौकात सुपडूची रिक्षा उभी होती. तिच्यावर भोंगा बांधून तो साड्यांच्या सेलची जाहिरात करत फिरे. रंजिता माइक घेऊन बसली खरी, पण "माझा नंबर हॅक झाला आहे" एवढंच बोलली आणि तिनं माइक खाली ठेवला.

"आण इकडं," म्हणत मथुराबाई रिक्षात चढल्या.

"ऐका हो, ऐका! मी वेफर्सवाली मथुराबाई बोलते. मी दवाखान्यात नाही, रिक्षात आहे! माझ्या सुनेचा फोन चोरानं फसवून घेतला. तिच्या नावानं पैसे मागितले असतील तर एक रुपयाही टाकू नका. ज्यानं मागितले, त्यानं मला समोर येऊन मागावेत!"

बुधवाऱ्यातून रिक्षा निघाली ती थेट राजघाटाच्या रस्त्याला. लोक दुकानातून बाहेर येऊन बघू लागले. पोरं मागे धावू लागली. फुलं विकणाऱ्या धुरपदाबाई घाटाजवळच्या मोबाइलच्या दुकानातून हातात फोन घेऊन पळतच आल्या. त्यांना स्वतःला पैसे पाठवता येत नव्हते, म्हणून दुकानदाराकडून पाठवून घेत होत्या. नुसतं बटण दाबायचं राहिलं होतं.

"मथुरे! अगं, तू तर धडधाकट आहेस!"

"मग काय धाड भरली मला?"

सगळा रस्ता खो खो हसला. धुरपदाबाई मात्र रडत होत्या. मथुराबाई खाली उतरल्या आणि त्यांनी धुरपदाबाईंना जवळ घेतलं. रंजिताचा धीर तिथं परत आला. पुढचा सगळा रस्ता माइक तिच्याच हातात होता.

संध्याकाळी ललितनं शेवटचा फोन केला. बाहेरगावचं कुणी फसलं नव्हतं, गावातलंही नाही. चोराच्या हाती काही म्हणता काही लागलं नाही. ललित हसतच घरात शिरला. "खंडव्याच्या दुकानदारानं काय म्हटलं माहीत आहे? जे लोक स्वतःहून फोन करून सावध करतात, त्यांचाच माल ठेवणार. दुप्पट ऑर्डर दिली!"

दुसऱ्या दिवशी दारात गिऱ्हाइकांची रांग लागली. कुणी वेफर्स घ्यायला, कुणी भोंग्यावरची बाई बघायला. मथुराबाई ऐटीत वजन करत होत्या.

सात दिवसांनी व्हॉट्सॲप उघडलं. रंजितानं आधी दुहेरी सुरक्षेचा आपला पिन लावला आणि मगच मेसेज वाचले. धंद्यासाठी तिनं वेगळा फोन घेतला. दिवाळीनंतर असीरगढच्या बचत गटानं तिला बोलावलं. पापड, लोणची विकणाऱ्या वीस-पंचवीस बाया जमल्या होत्या.

"कोड कुणालाही सांगायचा नाही," ती म्हणाली, "आणि कुणी सांगितला म्हणून स्टारचा नंबर फिरवायचा नाही. स्कॅनर पैसे द्यायला असतो, पैसे घ्यायला तो स्कॅन करून पिन टाकावा लागत नाही. ओळखीच्या माणसानं पैसे मागितले, तर आधी त्याचा आवाज ऐका. आणि फसलात, तर लपवू नका. पहिल्या तासात बोंब मारा."

एका बाईनं हात वर केला. "ताई, माझा फोन बघता का? मला पण काल एका कुरियरवाल्याचा फोन आला होता."

रंजिता तिच्याजवळ जाऊन बसली. आजूबाजूच्या बायांनीही आपापले फोन बाहेर काढले.