पहिला धक्का मालकाचा

इन्स्टॉल हो म्हटलं होतं, चालू हो म्हटलं नव्हतं. एवढा साधा फरक त्या कंपनीच्या डोक्यात शिरेना.

डोंगरी गावच्या मच्छीमार सोसायटीचा कॉम्प्युटर मी सांभाळते. होड्यांवरच्या मोबाइलला वादळाचा इशारा पाठवणारं नवं सॉफ्टवेअर आलं होतं. ते टाकून मी चहा ठेवायला गेले, तेवढ्यात उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. स्वतःच चालू झालं, जुन्या सॉफ्टवेअरमधले नंबर उचलले आणि नमुन्याचा मेसेज सगळ्यांना धाडून मोकळं: "वादळ येत आहे. ताबडतोब परत या."

वाऱ्याची झुळूकही नव्हती. होड्या रिकाम्या परतल्या. गॅब्रियलअंकलनी तर घाईत जाळं कापून समुद्रातच सोडलं होतं.

माझं डोकं सणकलं. कंपनीला फोन लावला, तर तिथला मुलगा म्हणतो, "मॅडम, तुमच्या सोयीसाठीच ते आपोआप चालू होतं. नको तर नंतर बंद करायचं."

"नंतर? फ्लॅट मी घेतला की बिल्डर आधी आत बिऱ्हाड मांडून बसतो का?"

त्याने फोन होल्डवर टाकला.

संध्याकाळी गॅब्रियलअंकल ऑफिसात आले. "शैला, माझा नंबर काढ त्यातून."

"अंकल, खरंच वादळ आलं तर?"

"खरं कुठलं, खोटं कुठलं, आमाला काय कलनार?"

त्यांच्यामागे आणखी चौघे तेच सांगायला उभे होते. मला रडू यायचं बाकी होतं. चूक त्या मेल्या मशीनची, आणि जीव यांचा जायचा.

"मी ते बंद केलंय," मी म्हटलं. "आता सांगितल्याशिवाय चालू होणार नाही."

"सांगनार कोन? नवी होडी फादरनी पानी शिंपडल्याशिवाय उतरत न्हाय. आन् पहिला धक्का मालकाचा. आपनहून पान्यात गेली, तर ती सुटली म्हनतात, चालली न्हाय."

"मग धक्का तुम्हीच द्या," मी म्हटलं.

रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर ते फादरना घेऊनच आले. "फादर, की-बोर्ड तेवढा सोडून," मी घाईने म्हटलं. मग गॅब्रियलअंकल खुर्चीत बसले. एका बोटाने मेसेज लिहिताना त्यांना घाम फुटला.

"माझा नंबर ठेवलास ना?"

"ठेवलाय."

त्यांनी स्वतः बटण दाबलं. बाहेर उभ्या असलेल्यांचे फोन वाजले.

"मी गॅब्रियल. आज हवा चांगली हाय. वादळाचा मेसेज आला तर जालं सोडा, पन परत या."