दूरच्या ग्रहाची बातमी

बल्गेरियातल्या आमच्या चेपेलारे गावात ती अफवा स्तोयांका मावशीच्या बेकरीतून पसरली. डोंगरावरच्या वेधशाळेत काम करणाऱ्या झ्लातिनाला एका दूरच्या ग्रहाच्या हवेत, जीवसृष्टीमुळे तयार होऊ शकतो असा वायू असल्याची शंका आली होती. तिने ती आईला सांगितली, आईने चीज भरलेली बानित्सा विकत घेता घेता मावशीला. आठवड्याभरात गावात बोललं जाऊ लागलं की ‘ते’ इकडे यायला निघालेत.

झ्लातिनाला अन्न गोड लागेना. चूक निघाली तर? ती बेकरीत शिरली की सगळे तिच्याकडे वळून बघायचे.

एकदा मावशीने तिचा हातच धरला. “खरं सांग पोरी, माझा नातू सैन्यात आहे. त्याला त्यांच्याशी लढायला पाठवतील का गं?”

“मावशी, तिथून प्रकाश यायलाच शंभरेक वर्षं लागतात. कोण कुठे जाणार?”

“म्हणजे आहेत, पण लांब आहेत!”

“आहेत असं कुठे म्हटलं मी?”

“नाहीत असंही नाही म्हणालीस.”

पुढे दुसऱ्या दुर्बिणीची निरीक्षणं आली. दुर्बिणीला दिसलेला तो वायू त्या ग्रहावरचा नव्हता, आपल्याच पृथ्वीच्या हवेतला होता. झ्लातिना शरमली, पण बेकरीत जाऊन तिने स्वतःच सांगितलं. सोबत आलेल्या आईने मान खाली घातली; बातमी तिच्याच तोंडून फुटली होती.

“सुटले बाई!” मावशी म्हणाली. मग पीठ मळता मळता थांबली. “म्हणजे तिथे कुणीच नाही?”

“माहीत नाही, मावशी.”

“आणि एवढ्या मोठ्या पसाऱ्यात आपण एकटेच असलो तर?”

नातवाबद्दल विचारताना कापला नव्हता इतका आता तिचा आवाज कापत होता. झ्लातिना तिच्या शेजारी बसून राहिली.